निकाल शंभर टक्के, पण पट किती? आपल्या हायस्कूलचे आकडे वाचण्याची रीत

दहावीचा निकाल लागला की आठवडाभरात एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागतो. वर संस्थापकांचा फोटो, खाली पदाधिकारी, मध्ये पहिल्या पाच मुलांचे चेहरे (पाचात चार मुलीच असतात) आणि लाल अक्षरांत ‘उज्ज्वल यशाची परंपरा, निकाल १०० टक्के’. माझी सगळी नोकरी एका अनुदानित हायस्कूलमध्ये गणित शिकवण्यात गेली. असल्या फ्लेक्सचा मजकूर मीही अनेकदा लिहून दिला आहे. त्या आकड्यात खोटे काही नसते. तो कितीपैकी आहे आणि ते ‘किती’ कसे ठरले, एवढेच फ्लेक्सवर मावत नाही.

मूल आठवीत घालताना शाळा निवडायची असेल, तुम्ही शाळेच्या समितीवर किंवा ग्रामपंचायतीत असाल, किंवा माजी विद्यार्थी म्हणून शाळेला काही द्यायची इच्छा असेल, तर पुढची रीत उपयोगी पडेल. शंभर पानी वही, कॅल्क्युलेटर आणि शाळेत दोन-तीन खेपा, एवढे भांडवल पुरते.

पायरी १: शाळा कोणाची आहे ते लिहा

आपण सरसकट ‘सरकारी हायस्कूल’ म्हणतो, पण महाराष्ट्रात त्याचे प्रकार आहेत. मराठवाड्यात आणि विदर्भात जिल्हा परिषदेची स्वतःची हायस्कुले आढळतात. मराठवाड्यातल्या कित्येकांना अजून ‘निजामकालीन शाळा’ म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात हे काम मुख्यतः संस्थांनी केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था हे त्यातले सर्वांना माहीत असलेले नाव. अशा अनुदानित शाळेत पगार शासनाचा आणि कारभार संस्थेचा. मुंबईत महापालिकेच्या माध्यमिक शाळा आहेत. शिवाय अंशतः अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित अशी उतरंड आहे.

वहीच्या पहिल्या पानावर व्यवस्थापनाचा प्रकार, माध्यम, कोणत्या इयत्तेपासून कोणत्या इयत्तेपर्यंत वर्ग आहेत आणि शाळेचा यूडायस क्रमांक (देशभरच्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी प्रणालीतला क्रमांक) लिहा. हा क्रमांक ११ अंकी असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचा २७), पुढचे दोन जिल्ह्याचे. बीडची शाळा २७२७ ने सुरू होते, साताऱ्याची २७३१ ने. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या फळ्यावर किंवा मुलाच्या दाखल्यावर तो सापडतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर ‘नो युवर स्कूल’ या भागात तो टाकला की शाळेची मूलभूत माहिती उघडते. बोर्डाचा सांकेतांक वेगळा असतो. तोही शेजारीच टिपून ठेवा.

पायरी २: पाच वर्षांचा पट एका पानावर आणा

आडवी वर्षे, उभ्या इयत्ता, प्रत्येक चौकोनात मुले आणि मुली वेगळे. आठवी, नववी, दहावी एवढे पुरे. आकडा ३० सप्टेंबरचा घ्या, कारण यूडायसची संदर्भ तारीख तीच आहे. जूनचा पट कच्चा असतो. प्रवेश, दाखले, बदल्या ऑगस्टपर्यंत चालूच राहतात.

मागे जाताना एक अडचण येईल. २०२१-२२ पर्यंत शाळा यूडायसला वर्गाचा एकत्रित आकडा देत असे. २०२२-२३ पासून एकेका विद्यार्थ्याची नोंद आणि प्रत्येकाचा कायम शिक्षण क्रमांक, म्हणजे पेन, सुरू झाला. एकच मूल दोन शाळांच्या पटावर असणे त्यामुळे अवघड झाले. त्या वर्षी पट अचानक खाली आलेला दिसला, तर मुले खरेच गेली की दुहेरी नावे गळाली, हे विचारून घ्या.

पट घसरला म्हणजे शाळा बिघडली, असे लगेच म्हणू नका. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेला आठवीचा वर्ग जोडला की हायस्कूलच्या आठवीचा पट एका वर्षात निम्मा होतो. गावात मुले तेवढीच असतात. इंग्रजी माध्यमाची पिवळी बस गावात यायला लागली की आधी पाचवी रिकामी होते आणि तिचा परिणाम आठवीत दिसायला तीन वर्षे जातात. नवोदय विद्यालय सहावीला ८० मुले घेते. तिथे निवड झालेले मूल तुमच्या पटातून एकाने कमी होते, पण गुणवत्ता यादीत ते जास्त जाणवते. म्हणून पटाच्या पानाखाली दोन ओळी मोकळ्या ठेवा आणि आसपासच्या प्राथमिक शाळांतून दर वर्षी सातवी पास होणारी मुले किती, ते तिथे लिहा. केंद्रप्रमुखांकडे तो आकडा असतो. त्यातली किती तुमच्या हायस्कूलला येतात, हे प्रमाण नुसत्या पटापेक्षा बोलके आहे.

पायरी ३: कॅटलॉग मागा

जनरल रजिस्टरात, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, नाव असणे वेगळे आणि वर्गात मूल असणे वेगळे. शिक्षक ज्याला कॅटलॉग म्हणतात ते हजेरीपत्रक दुसऱ्या गोष्टीचा पुरावा आहे. या दोन गोष्टींत केवढे अंतर पडू शकते, ते राज्याने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत पाहिले. आधी नांदेड जिल्ह्यात जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी अचानक तपासणी केली आणि कागदावरची मुले वर्गात सापडेनात. मग राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून बोटाला मतदानासारखी शाई लावली होती. लाखो नावे बोगस निघाली. आज पेन आणि आधारमुळे तो प्रकार तसा सोपा राहिलेला नाही. आता उलटा प्रकार दिसतो. मूल वर्गात बसलेले असते, पण आधारवरचे नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही, म्हणून संचमान्यतेच्या, म्हणजे शिक्षकांची पदे मंजूर करतानाच्या, पटात ते मोजले जात नाही.

कॅटलॉगच्या प्रत्येक महिन्याच्या शेवटी गोषवारा असतो: कामाचे दिवस, पट, सरासरी उपस्थिती. वर्षातले तीनच महिने उतरवून घ्या: ऑगस्ट, डिसेंबर, फेब्रुवारी. बीड, अहिल्यानगर, जालना अशा ऊसतोडीच्या पट्ट्यात हे न करता पुढे जाऊच नका. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. यूडायसची तारीख ३० सप्टेंबर, म्हणजे कोयता (ऊसतोडीला जाणारे जोडपे) गावातून निघण्याआधीची. त्या दिवशी वर्ग भरलेला असतो आणि डिसेंबरात मागचे तीन बाक मोकळे असतात. हंगामी वसतिगृहांची सोय आहे, पण ती पहिली ते आठवीसाठी. नववीतला चौदा वर्षांचा मुलगा तिच्यात बसत नाही आणि फडात मात्र तो पुरा कामाचा असतो.

उपस्थितीची टक्केवारी सगळ्या महिन्यांत ९५-९६ अशी सपाट आली, तर माझ्यासारखा माणूस भुवया उंचावतो. श्रावणात, यात्रेच्या आठवड्यात, सोयाबीन काढणीला उपस्थिती पडतेच. न पडणारी उपस्थिती बहुधा महिनाअखेरीस बसून भरलेली असते.

पायरी ४: वर्गात कोणाची मुले बसतात

यूडायसच्या तक्त्यात सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग असे चार रकाने आहेत. अल्पसंख्याक आणि दिव्यांग मुलांची नोंद वेगळी होते. महाराष्ट्राला एवढे पुरत नाही. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना तिथे स्वतंत्र रकाना नाही, आणि शाळा सगळ्यात आधी सुटते ती अनेकदा त्याच वस्त्यांवरच्या मुलांची. जनरल रजिस्टर किंवा शिष्यवृत्तीच्या याद्या यांवरून शाळा हा आकडा काढून देऊ शकते. मागा, पण फक्त संख्या मागा. कोणत्या मुलाची जात काय, या यादीशी तुम्हाला काही देणेघेणे नाही आणि ती शाळेने देऊही नये.

जातीच्या रकान्यापेक्षा मला दोन गोष्टी जास्त सांगतात. पहिली, मूल किती लांबून येते. वाडी-वस्तीवरून पाच किलोमीटर चालत किंवा सायकलने येणारी मुले किती, ते वर्गशिक्षकाला तोंडपाठ असते. दुसरी, मुलींची संख्या इयत्तेनुसार कशी बदलते. आठवीत ३० मुली आणि दहावीत १९ असतील, तर कारण बरेचदा वर्गाबाहेर असते: संध्याकाळची एसटी बंद झाली, रस्त्यात टपरी आली, घरी स्थळे यायला लागली. मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी बस आणि सायकलींची तरतूद आहे. मुलींना एसटीचा मोफत पासही आहे. तुमचा तालुका त्या यादीत आहे का आणि बस शाळा सुटण्याच्या वेळेला खरेच येते का, हे आगारात जाऊन पाहा. पाच वाजता सुटणाऱ्या शाळेसाठी चार वाजता निघणारी बस मी पाहिली आहे. वेळापत्रकात ती ‘विद्यार्थिनींसाठी’ होती.

शाळांची तुलना करताना हे पान जवळ ठेवा. ज्या शाळेत निम्म्या मुलांचे आईबाप सहा महिने गावात नसतात, तिचा ८८ टक्के निकाल आणि तालुक्याच्या गावातल्या नोकरदार कॉलनीतल्या शाळेचा ९८ टक्के निकाल शेजारी ठेवून पहिलीला नापास ठरवणे हा हिशेबातला आळस आहे.

पायरी ५: एका तुकडीचा माग काढा

पुढे काहीच करायला वेळ नसला तरी हे करा. मी वर म्हटलेले ‘किती’ इथे सापडते.

आठवीपर्यंत मुलांना त्याच वर्गात न ठेवण्याचे धोरण राज्यात बरीच वर्षे होते. पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेचा नियम २०२३ मध्ये आला. त्या जुन्या धोरणामुळे वाचताना अडखळणारे मूलही नववीत येऊन पोचते आणि पहिली खरी चाळणी तिथे लागते. दहावीच्या निकालाचा दबाव शाळेवर, शाळेचा वर्गशिक्षकावर. मग मार्च-एप्रिलमध्ये शिक्षकांच्या खोलीत जे बोलणे होते ते मी ऐकले आहे, आणि त्यात माझाही आवाज होता: ‘हा पुढे घातला तर निकाल पाडणार.’ पालकाला बोलावून गोडीत सांगितले जाते की दाखला काढा, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा. नापासाचा शिक्का बसत नाही म्हणून पालकही तयार होतो. फॉर्म भरला की मूल खाजगी विद्यार्थी होते आणि शाळेच्या नियमित निकालात मोजले जात नाही.

माग असा काढा. जी तुकडी नुकतीच दहावी झाली ती घ्या आणि तीन वर्षे मागे, ती आठवीत असतानाच्या पटावर जा. हिशेब कळावा म्हणून आकडे कल्पनेने घेतो. समजा, २०२२-२३ मध्ये आठवीत ६४ मुले होती. नववीत त्यांतली ५८ आली. राहिलेल्या ६ पैकी ४ जणांनी दुसऱ्या शाळेत प्रवेश घेतल्याची खात्री आहे, २ जणांचे काही कळत नाही. नववीच्या शेवटी ५८ पैकी ४६ दहावीत गेली. उरलेली १२ अशी: ४ त्याच वर्गात पुन्हा बसली, ३ नापास होऊन घरी राहिली, २ दुसऱ्या शाळेच्या दहावीत गेली, ३ जणांनी सतरा नंबर भरला. दहावीत ४६ जणांचे फॉर्म गेले, ४५ परीक्षेला बसले, ४४ पास झाले.

बोर्डाच्या कागदावर निकाल ४५ पैकी ४४, म्हणजे ९७.७८ टक्के. फ्लेक्सला उत्तम. आता आठवीच्या ६४ मधून खात्रीने दुसऱ्या शाळेत गेलेली ६ वजा करा. जबाबदारी उरली ५८ मुलांची. त्यांतली वेळेत दहावी पास झाली ४४, म्हणजे ७६ टक्क्यांच्या आत-बाहेर. दोन्ही आकडे खरे आहेत. मधल्या २२ टक्क्यांत जी मुले आहेत ती गावातच कुठेतरी मोटारसायकलच्या गॅरेजवर, वीटभट्टीवर किंवा सासरी असतात.

दोन ठिकाणी हिशेब चुकतो. मध्येच बाहेरून आलेली मुले पासांच्या संख्येत धरू नका, कारण सुरुवातीच्या ६४ मध्ये ती नव्हती. आणि नववीत पुन्हा बसलेला मुलगा पुढच्या वर्षी पास झाला, तर त्याची नोंद वेगळ्या ओळीत करा. ‘वेळेत पास’ आणि ‘उशिरा का होईना पास’ अशा दोन ओळी ठेवल्या की जी शाळा मुलांना धरून ठेवते तिच्यावर अन्याय होत नाही. मुलाला दुसऱ्या वर्षी वर्गात बसवून घेऊन पास करणाऱ्या शाळेला मी त्याला बाहेर काढून शंभर टक्के मिळवणाऱ्या शाळेच्या वर ठेवीन.

दाखला घेऊन गेलेल्या मुलाचे पुढे काय झाले, हे शोधणे पूर्वी जिकिरीचे होते. आता यूडायसच्या विद्यार्थी प्रणालीत ‘ड्रॉपबॉक्स’ आहे. शाळा सोडलेले मूल दुसऱ्या शाळेने ओढून घेईपर्यंत तिथे दिसत राहते. मुख्याध्यापकांना एवढेच विचारा: आपल्या शाळेच्या ड्रॉपबॉक्समध्ये आज किती नावे आहेत आणि त्यांतली नववीची किती? हा प्रश्न ऐकल्यावर समोरचा माणूस तुमच्याकडे जरा नीट बघायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

पायरी ६: बोर्डाचा कागद

निकालानंतर शाळेला बोर्डाकडून एकत्रित निकालपत्रक मिळते. त्यात नोंदणी, प्रविष्ट, विशेष प्रावीण्य (७५ टक्के व वर), प्रथम श्रेणी (६० व वर), द्वितीय श्रेणी (४५ व वर), उत्तीर्ण (३५ व वर), एकूण पास आणि टक्केवारी असे रकाने असतात. सवयीने नजर शेवटच्या रकान्यावर जाते. तिला जरा डावीकडे वळवा.

नोंदणी आणि प्रविष्ट यांत फरक असेल तर ती मुले परीक्षेला का आली नाहीत, हे विचारा. टक्केवारी प्रविष्टांवर काढलेली असते. त्यानंतर चार श्रेणींची वाटणी पाहा. एका शाळेत ४० पैकी ४० पास, त्यात विशेष प्रावीण्य ३ आणि नुसते उत्तीर्ण २२. दुसरीत ४० पैकी ३७ पास, पण विशेष प्रावीण्य १५. विज्ञान शाखेला किंवा डिप्लोमाला मूल घालायचे असेल तर कोणती शाळा पाहाल? पास होऊन आयटीआयला जागा मिळाली की पुरे, असे घर असेल तर उत्तर बदलू शकते आणि त्यात कमीपणा नाही.

वेगवेगळ्या वर्षांची तुलना करताना जपून. राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये ७७.१० झाला आणि २०२० मध्ये ९५.३०. एका वर्षात सगळी पोरे बिघडली आणि पुढच्या वर्षी सुधारली, असे झालेले नाही. २०१९ ला भाषांचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकले होते, पुढच्या वर्षी ते परत आले. २०२१ ला परीक्षाच झाली नाही. नववीचे ५० गुण, दहावीच्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असा निकाल लावला आणि तो ९९.९५ टक्के लागला. २०२२ ला ७५ टक्के अभ्यासक्रम, जादा वेळ आणि आपलीच शाळा केंद्र, निकाल ९६.९४. त्यामुळे शाळेची उज्ज्वल परंपरा मोजताना २०२० ते २०२२ ही वर्षे कंसात घाला. २०२३ (९३.८३), २०२४ (९५.८१) आणि २०२५ (९४.१०) ही तीन एकमेकांशी जुळणारी आहेत.

याहून बरी युक्ती म्हणजे दर वर्षी शाळेचा निकाल आणि त्याच वर्षीचा तालुक्याचा निकाल यांतला फरक लिहून ठेवायचा. प्रश्नपत्रिका सोपी की अवघड, हे त्यात आपोआप वजा होते. विभागाशी तुलना करताना आपला विभाग कोणता, ते ध्यानात ठेवा. २०२५ मध्ये कोकण विभाग ९८.८२ टक्क्यांवर होता आणि नागपूर ९०.७८ वर. रत्नागिरीतली ९६ टक्क्यांची शाळा विभागाच्या खाली असते, तर गोंदियातली ९४ टक्क्यांची विभागाच्या बरीच वर.

पट लहान असेल तर टक्केवारीवर फार भरवसा ठेवू नका. १८ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेपाच टक्के. समजा २४ पैकी २२, १९ पैकी १९, २७ पैकी २३ असे तीन निकाल लागले. टक्क्यांत ते ९१.६७, १०० आणि ८५.१९ होतात आणि गावात ‘शाळा घसरली’ अशी ओरड सुरू होते. तिन्ही वर्षांची मुले एकत्र करा: ७० पैकी ६४, म्हणजे ९१.४३. लहान शाळेला हाच आकडा लावा.

टक्के कशावर काढलेले असतात तेही पाहून ठेवा. सहा विषयांचे ६०० गुण असले तरी टक्केवारी उत्तम पाच विषयांवर, ५०० पैकी निघते. कला आणि क्रीडेचे वाढीव गुण त्यात मिसळतात. २०२५ मध्ये राज्यात २११ जणांना शंभर टक्के मिळाले, त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागातले. लातूरकरांच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे, पण मुलाला गणित किती येते हे टक्केवारीवरून कळत नाही. त्यासाठी गणित भाग १ आणि भाग २ चे लेखी ८० पैकी गुण पाहावे लागतात. अंतर्गत २० गुण शाळेच्या हातात असतात आणि ते बहुतेक सर्वांना १८-१९ मिळतात. गणित, विज्ञान आणि इंग्रजी या तीन विषयांत लेखीत ८० पैकी ४० च्या वर किती मुले आहेत, एवढे एक पान शाळेकडून करून घ्या. बहुतेक शाळांत इंग्रजीचे पान सगळ्यात आधी बोलायला लागते.

पायरी ७: बोर्डाबाहेरचे पुरावे

आठवीत दोन परीक्षा अशा आहेत ज्यांचा निकाल शाळेच्या हातात नसतो. एक म्हणजे पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेची पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती (ती २०२५-२६ पर्यंत आठवीला होती, पुढे सातवीला नेण्याचे ठरले) आणि दुसरी एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती. दुसरी फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागते. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ जागांचा. किती मुले निवडली गेली यापेक्षा किती बसवली, हे आधी विचारा. आठवीत ६० मुले असून ८ जणांचेच फॉर्म भरले असतील, तर तयारी ‘हुशार’ मुलांचीच होते असे समजा.

वर्तमानपत्रात ‘परख’ किंवा ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणांचे आकडे येतात आणि मुख्याध्यापकांना त्यावरून जाब विचारला जातो. ४ डिसेंबर २०२४ ला झालेले परख सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीचे होते. ते नमुना निवडून केलेले आहे. जिल्ह्याचे चित्र त्यातून कळते, तुमच्या शाळेचे नाही.

पायरी ८: शिकवायला माणसे किती

संचमान्यतेचा कागद मागा. त्यात मंजूर पदे असतात. शेजारी प्रत्यक्ष भरलेली पदे विषयानुसार लिहा. पट ठरावीक मर्यादेखाली गेला की तुकडी तुटते, पद जाते आणि शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे समायोजित होतो. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हे निकष बदलले आणि लहान शाळांना त्याची झळ बसली. इंग्रजीचा माणूस गेला आणि मराठीच्या बाई दोन वर्षे इंग्रजी घेत आहेत, असे दिसले तर आधीच्या पानावरचा इंग्रजीचा आकडा आपोआप उलगडतो. आधार न जुळलेली तीन-चार मुलेही इथेच महाग पडतात. अशा वेळी शाळेशी भांडण्यापेक्षा त्या पालकांना घेऊन आधार केंद्रावर एक दिवस घालवा.

पायरी ९: मागायचे कसे

आधी मुख्याध्यापकांना भेटा, पण निकालाच्या आठवड्यात, परीक्षेत किंवा सप्टेंबरअखेरीस यूडायस भरण्याच्या धावपळीत नको. जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा बरा. क्लार्कशी नीट बोला, कारण जनरल रजिस्टर कोणत्या कपाटात आहे ते त्याला माहीत असते. ‘चौकशीला आलो’ म्हणालात की दार मिटते. ‘एनएमएमएसच्या वर्गासाठी काही मदत करता येईल का, ते बघायचे होते’ म्हणालात तर चहा येतो आणि त्यामागून कागदही येतात. मात्र जे बोललात ते खरे करा.

कागद मिळालेच नाहीत तर माहितीचा अधिकार आहे. अनुदानित शाळेलाही तो लागू होतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, प्रतींचे पानाला २ रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. ‘शाळेची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिलेत तर उत्तरात ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ एवढेच येईल. मजकूर साधारण असा ठेवा:

‘आपल्या विद्यालयातील इयत्ता आठवी ते दहावीची शैक्षणिक वर्ष २०२२-२३ ते २०२४-२५ मधील खालील माहिती केवळ संख्येच्या स्वरूपात मिळावी, विद्यार्थ्यांची नावे नकोत. (१) दर वर्षी ३० सप्टेंबर रोजीचा इयत्तानिहाय पट, मुले व मुली स्वतंत्र. (२) इयत्ता नववीच्या वार्षिक निकालात उत्तीर्ण, अनुत्तीर्ण व गैरहजर विद्यार्थ्यांची संख्या. (३) नववीच्या निकालानंतर ३१ ऑगस्टपर्यंत शाळा सोडल्याचे दाखले दिलेल्या विद्यार्थ्यांची संख्या. (४) दहावीसाठी बोर्डाकडे नोंदणी केलेले, प्रविष्ट व उत्तीर्ण नियमित विद्यार्थी. (५) वरील प्रत्येक वर्षाच्या संचमान्यतेची छायांकित प्रत.’

तिसरा मुद्दा कोणी खोडायला सांगितला, तर तो राहू द्या.